इंग्रजी उच्चारांसाठी टंग ट्विस्टर: आधी जीभ, मग वेग

शाळेत असताना समुद्रकिनारी शिंपले विकणाऱ्या बाईचं ते प्रसिद्ध इंग्रजी वाक्य मी एका दमात पाच वेळा म्हणून दाखवायची आणि टाळ्या मिळवायची. त्या टाळ्यांचा माझ्या इंग्रजीशी काडीचाही संबंध नव्हता, हे कळायला बरीच वर्षं गेली. त्या वाक्यातली सगळी कसरत 'स' आणि 'श' यांची. ते दोन्ही उच्चार मराठी माणूस बोलायला लागतो तेव्हापासूनच त्याच्या तोंडात असतात. माझी गाडी अडायची ती 'व्हेरी वेल' म्हणताना, कारण दोन्ही शब्दांना मी एकच 'व' लावत होते. त्यावर शिंपल्यांच्या वाक्याचा शून्य उपयोग.

नवशिक्यांचं नेमकं इथेच चुकतं. कुठून तरी पन्नास ट्विस्टरची, म्हणजे जीभ अडखळवणाऱ्या वाक्यांची, यादी मिळते, ती पाठ होते, वेग वाढतो आणि उच्चार होते तिथेच राहतात. ट्विस्टर तुम्हाला नवा ध्वनी शिकवत नाही. शिकलेला ध्वनी घाईतही हातचा सुटू नये, एवढंच काम तो करतो. ध्वनी आधी वेगळा शिकावा लागतो, आणि ट्विस्टर आपल्या दुखण्याप्रमाणे निवडावा लागतो.

पहिली पायरी: ठेच कुठे लागते ते शोधा

फोनवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. एक मिनिट एखादा इंग्रजी उतारा वाचा आणि एक मिनिट न वाचता बोला, म्हणजे काल दिवसभरात काय केलं वगैरे. दुसरा भाग महत्त्वाचा. वाचताना आपण सावध असतो, खऱ्या खोडी बोलताना बाहेर पडतात. हे रेकॉर्डिंग पुसू नका, महिन्याभराने लागेल.

ऐकताना शंका आलेला प्रत्येक शब्द ऑनलाइन शब्दकोशात ऐका. केंब्रिजच्या शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. दोन्हींपैकी एक निवडा आणि त्यालाच धरून राहा. नाहीतर 'कार'मधला शेवटचा 'र' कधी येईल, कधी गळेल आणि सरावाला काही दिशा उरणार नाही.

दुसरी चाचणी फोनच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीची. 'वेट' म्हणजे ओला आणि 'व्हेट' म्हणजे जनावरांचा डॉक्टर हे दोन शब्द एकेकटे, मध्ये थांबून बोला आणि फोन काय लिहितो ते बघा. पूर्ण वाक्य बोलू नका. वाक्यात फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तुमची चूक पोटात घालतो.

देवनागरीचा चकवा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि उच्चारांच्या बहुतेक इंग्रजी धड्यांत तो सापडणार नाही, कारण ही अडचण खास आपली आहे. आपण इंग्रजी शब्द आधी मराठी वर्तमानपत्रांत, पाट्यांवर, पुस्तकांत वाचलेले असतात. तिथलं लेखन डोक्यात बसतं आणि बोलताना जीभ त्या अक्षरांकडे धावते.

'व्ह' घ्या. व्हॅन, व्हिडिओ, व्हायोलिन यांतला 'व्ह' इंग्रजी व्ही या अक्षरासाठी आहे. पण आपण व्हाइट, व्हील आणि व्हेल मासा हे शब्दही 'व्ह' लावूनच लिहितो. या तिन्हींचं इंग्रजी स्पेलिंग डब्ल्यू-एचने सुरू होतं आणि आज बहुतेक इंग्रजी भाषक तिथे साधा डब्ल्यूचा ध्वनी काढतात, ओठांचा चंबू करून. म्हणजे एकाच जोडाक्षराखाली आपण दोन वेगळे ध्वनी दडपलेत. चेहऱ्यावरचा पडदा आणि समुद्रातला महाकाय प्राणी हे दोन्ही मराठी लेखनात 'व्हेल'. इंग्रजीत मात्र ते पूर्ण वेगळे ऐकू येतात. त्यात भर म्हणजे 'व्ह'मध्ये 'ह'चा श्वास मिसळलेला आहे आणि तो इंग्रजी व्हीमध्ये नसतो.

'झ'चंही तसंच. झू, झेब्रा, झोन असं आपण लिहितो, पण 'झाड'मधला 'झ' आणि इंग्रजी झेड यांत फरक आहे. उलट 'इज' आणि 'वॉज' लिहिताना आपण 'ज' वापरतो. मग अनेकांच्या तोंडी 'इज'चा शेवट 'जग'मधल्या 'ज'सारखा होतो. खरं तर तिथेही झेडचाच ध्वनी आहे.

म्हणून सरावाची वाक्यं वहीत रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगनेच लिहून घ्या. या लेखात ती देवनागरीत आहेत, तेव्हा एक करार करू. इथून पुढे सरावाच्या शब्दांत आणि ओळींत 'व' म्हणजे डब्ल्यू, 'व्ह' म्हणजे व्ही, 'झ' म्हणजे झेड आणि 'थ' किंवा 'द' म्हणजे टी-एच. 'व्हाइट'सुद्धा 'वाइट' असंच दिसेल, दचकू नका.

दुसरी पायरी: ध्वनी एकटा बसवा

आरसा घ्या आणि एक सोपी परीक्षा लक्षात ठेवा: ध्वनी तीन सेकंद लांबवता येतो का? मराठी 'थ', 'द' किंवा 'जग'मधला 'ज' लांबवायचा प्रयत्न केलात तर मागचा स्वरच लांबतो, कारण हवा आधी अडते आणि मग सुटते. इंग्रजी टी-एच, झेड आणि व्ही यांत हवा अडतच नाही, ती घासत वाहत राहते. लांबत नसेल, तर तुम्ही मराठी ध्वनीच काढताय.

व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेला हलके टेकवा आणि आवाज सोडा. ओठाला गुदगुल्या झाल्यासारखी थरथर जाणवली पाहिजे. मराठी 'वात' म्हणताना दात ओठाजवळ येतात पण थरथर होत नाही, आपला 'व' व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. डब्ल्यूसाठी दात विसरा. शिट्टी वाजवायला करतो तसा ओठांचा चंबू करा, 'उ' म्हणायला सुरुवात करा आणि पटकन पुढच्या स्वराकडे उघडा: उ-एट, वेट. आरशात दात दिसले तर चुकलं.

झेडची युक्ती मला फार आवडते. लांब 'स्स्स' काढा, दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि जीभ तसूभरही न हलवता गळ्यातून आवाज सुरू करा. बोटांना कंप जाणवला की तो झेड. आपल्या 'बाजार', 'जवळ', 'जरा' यांतला 'ज' याच्या अगदी शेजारी आहे, फरक इतकाच की तिथे जीभ बहुधा सुरुवातीला क्षणभर टेकते. 'श' लांबवून असाच आवाज सुरू केलात तर 'मेझर' आणि 'प्लेझर'च्या मधला ध्वनी फुकटात मिळतो.

टी-एचसाठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला अगदी हलकं लावा आणि फट ठेवून हवा सोडा. टोक आरशात जरासं दिसायला हवं. 'थिंक'मध्ये नुसती हवा, 'दिस'मध्ये त्याच जागी आवाज. या ध्वनीची धास्ती मात्र घेऊ नका. 'थिंक' मराठी 'थ'ने म्हटलं तरी समजायला सहसा अडत नाही. आयर्लंडमधल्या अनेकांच्या इंग्रजीतही तो दातांना जीभ टेकवूनच येतो. वेळ थोडा असेल तर आधी व्ही-डब्ल्यूकडे आणि शब्दांच्या शेवटांकडे बघा.

आता 'ट' आणि 'ड'. आपण जीभ मागे वळवून टाळूला लावतो, इंग्रजीत ती पुढे असते. 'ल' म्हणताना जीभ दातांमागच्या ज्या उंचवट्याला लागते, तिथेच टेकवून टी म्हणा. दुसरी गोष्ट, शब्दाच्या सुरुवातीला पी, टी आणि के यांच्यासोबत हवेचा छोटा झोत सुटतो. ओठांसमोर कागदाची अरुंद पट्टी धरा आणि 'पिन' म्हणा. पट्टी उडाली पाहिजे. मग 'स्पिन' म्हणा, आता ती जवळजवळ स्थिर राहायला हवी, कारण 'स'नंतर हा झोत नसतो. झोत नसला तर इंग्रजी कानाला 'पिन'चा 'बिन' ऐकू येऊ शकतो. म्हणून 'फ' म्हणायचा नाही, 'प' आणि 'फ' यांच्या मध्ये थांबायचं. महाप्राण, म्हणजे 'ख', 'फ'सारखे श्वास मिसळलेले ध्वनी, आपल्याकडे आहेतच, निम्मा श्वास पुरतो.

इंग्रजी 'र' म्हणताना जीभ टाळूजवळ जाते पण कशालाच लागत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं काम होतं.

तिसरी पायरी: शेजारी ध्वनी एकमेकांसमोर उभे करा

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका या ध्वनिशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या बैठकीत एमआयटीच्या स्टेफनी शॅटक-हफ्नागेल यांनी ट्विस्टरवरचं काम मांडलं. त्यातली 'पॅड किड पोर्ड कर्ड पुल्ड कॉड' ही निरर्थक ओळ जगातला सगळ्यात अवघड ट्विस्टर म्हणून गाजली. करून बघा, तिसऱ्या-चौथ्या फेरीला बोबडी वळते. पण मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त कामाचं वाटतं. 'टॉप कॉप' भराभर म्हणताना 'ट' आणि 'क' कधी कधी एकाच वेळी बाहेर येऊ पाहतात. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड चँग यांच्या गटाने दाखवलं की बोलण्याच्या हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागात ओठांचे ध्वनी, जिभेच्या टोकाचे ध्वनी आणि जिभेच्या मागच्या भागाचे ध्वनी आपापले गट करून असतात. एकाच अवयवाचे दोन ध्वनी आलटून पालटून आले की गोंधळ होतो तो याच शेजारामुळे असावा.

सरावाला याचा अर्थ सरळ आहे. तुमचा ट्विस्टर असा हवा की त्यात तुम्ही गल्लत करता ते दोन ध्वनी लागोपाठ आलटून पालटून येतील. एकच अक्षर दहा वेळा येणारी वाक्यं ऐकायला गंमतशीर असतात, पण त्यांत तुलनाच नसते.

मी वापरते ती वाक्यं अशी आहेत. बहुतेक घरीच जुळवलेली, तेव्हा त्यांत अर्थ शोधू नका.

डब्ल्यू आणि व्ही: 'वाय वेट फॉर अ वाइट व्हॅन?' पांढऱ्या व्हॅनची वाट का बघायची, एवढाच अर्थ. ओठ तीनदा चंबू होतात आणि चौथ्या वेळी दात खाली येतात. ते जमलं की 'व्हिव्हियन वेंट वेस्ट इन अ व्हेरी वाइड व्हॅन'.

टी-एच आणि टी: 'थ्री थिन ट्रीझ, टेन थिक ट्रीझ'. आवाजाच्या टी-एचसाठी 'दिस डे, दॅट डे, दीझ डेझ, दोझ डेझ'. यात प्रत्येक जोडीतला पहिला ध्वनी दातांशी आणि दुसरा उंचवट्यावर. मराठीत लिहिताना 'द' आणि 'ड' हा फरक आपसूक होतो, म्हणून ही ओळ आपल्याला लवकर साधते. नवशिक्याने इथून सुरुवात केली तर हुरूप येईल.

झेड आणि 'ज': 'जेन्झ झेब्रा जॉइन्ड झोईझ जायंट झू'. जेनचा झेब्रा झोईच्या अवाढव्य प्राणिसंग्रहालयात दाखल झाला. इथे बोटं गळ्यावर ठेवूनच म्हणा.

हवेच्या झोतासाठी 'पिन, स्पिन, टॉप, स्टॉप, किल, स्किल', कागदाच्या पट्टीसमोर. 'र' आणि 'ल'साठी सगळ्यांना ठाऊक असलेलं 'रेड लॉरी, येलो लॉरी' पुरेसं आहे.

स्वरांकडे लोक बघतच नाहीत. 'शिप' आणि 'शीप' यांत आपण फक्त लांबी बदलतो, ऱ्हस्व आणि दीर्घ. इंग्रजीत चेहराही बदलतो. 'शीप'ला ओठ हसल्यासारखे ताणलेले, 'शिप'ला जबडा सैल आणि जीभ जरा खाली. ओळ: 'द शीप स्लिप्स, द शिप स्लीप्स'. मेंढी घसरते, जहाज झोपतं. 'ए' आणि 'ॲ'साठी 'टेड हॅड अ रेड पेन अँड अ बॅड पॅन'. 'ॲ'ला जबडा बोटभर खाली आलाच पाहिजे, संकोच करू नका.

चौथी पायरी: म्हणायचं कसं

हळू. फार हळू. पहिले तीन दिवस प्रत्येक शब्दानंतर थांबा, पुढच्या शब्दासाठी तोंडाची ठेवण करा आणि मगच आवाज काढा. बाहेरून हे वेडगळ दिसतं, दार लावून घ्या. घाईत चुकीचं म्हटलेलं वाक्य वाया जात नाही, ते चुकीची सवय घट्ट करतं, हे मी स्वतःवर करून पाहिलंय.

मग फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं ॲप, लावा, मिनिटाला ६० ठोके. एका ठोक्याला एक ठळक शब्द. लागोपाठ तीन वेळा स्वच्छ आलं तर ७० वर जा. चुकलं तर पुन्हा ६०, आणि चुकलेल्या शब्दाची त्याच्या आधीच्या शब्दासह नुसती जोडी पाचदा म्हणा. अख्खी ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्यापेक्षा या जोडीत फायदा जास्त आहे, कारण अडखळतो तो सांध्यावर. १२० च्या पुढे जायची गरज नाही, तिथून पुढे नुसतं मिरवणं.

रोज दहा मिनिटं आणि एका आठवड्याला ध्वनींची एकच जोडी. रविवारी दीड तास बसून आठवड्याचा कोटा भरून काढता येत नाही. जीभ थकते आणि थकलेली जीभ आपल्या जुन्या जागी परत जाते. घसा ताणल्यासारखा वाटला तर थांबा, आवाज मोठा करण्यात काही मिळत नाही.

शब्दांचे शेवट

मराठी शब्दाच्या शेवटी तीन-चार व्यंजनं एकदम येत नाहीत. इंग्रजीत येतात. 'टेक्स्ट्स', 'आस्क्ड', 'सिक्स्थ' अशा शब्दांत आपण एखादं व्यंजन गिळतो किंवा मध्ये बारीक 'अ' घुसवतो. शब्द उलटीकडून बांधा: 'ट्स', 'स्ट्स', 'क्स्ट्स', 'टेक्स्ट्स'. मग ओळ: 'सिक्स टेक्स्ट्स, द सिक्स्थ टेक्स्ट'. 'क्लोद्झ' या शब्दावर मात्र घाम गाळू नका. तो 'क्लोझ'सारखा म्हटला तरी चालतो, इंग्रज लोकही सर्रास तसंच म्हणतात.

भूतकाळाच्या 'ईडी'चे उच्चार तीन आहेत. 'वर्क'चं 'वर्क्ट', 'प्ले'चं 'प्लेड' आणि 'वाँट'चं 'वाँटिड'. जादा स्वर फक्त टी किंवा डीने संपणाऱ्या क्रियापदांना लागतो. 'वर्केड' आणि 'आस्केड' ही खोड ट्विस्टरने जात नाही, नियम समजून घेतला की जाते.

ताल

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत आघाताची अक्षरं ठळक येतात आणि मधली चेपली जातात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टॉ'वर सरकतो आणि पहिला स्वर पुसट होतो. टेबलावर तीनच टिचक्या वाजवत पुढच्या ओळी म्हणा: 'डॉग्झ चेस कॅट्स'. 'द डॉग्झ आर चेसिंग द कॅट्स'. 'द डॉग्झ हॅव्ह बीन चेसिंग द कॅट्स'. तिन्ही ओळींना टिचक्या तेवढ्याच, त्याच अंतराने. तिसऱ्या ओळीतले मधले शब्द दामटून बसवावे लागतात, आणि इंग्रजी बोलण्याचा बाज बराचसा तिथेच आहे. ट्विस्टर म्हणतानाही 'अ', 'द', 'फॉर' यांना पूर्ण वजन देऊ नका.

शेवटची पायरी: स्वतःचं वाक्य

ट्विस्टरमध्ये जमलेला ध्वनी बोलण्यात आपोआप येत नाही. मध्ये एक पूल लागतो. रोज तोंडी येणारे, त्या ध्वनीचे दहा शब्द काढा. व्ही-डब्ल्यूसाठी 'वीक', 'वर्क', 'सर्व्हिस', 'रिव्ह्यू', 'ऑल्वेझ', 'एव्हरीवन' असे काही. त्यांची दोन वाक्यं जुळवा, जी तुम्ही खरंच कुणाला तरी म्हणाल: 'वी रिव्ह्यू द वर्क एव्हरी वीक'. हीच तुमची ट्विस्टर. तीही मेट्रोनोमवर बसवा आणि मग एखाद्या खऱ्या संभाषणात मुद्दाम वापरा. त्या संभाषणात फक्त त्या एकाच ध्वनीवर लक्ष ठेवा, बाकी उच्चार कसे होतील तसे होऊ द्या. एका वेळी दोन ध्वनींवर पहारा ठेवला तर मुद्दाच विसरायला होतं.

महिन्याने पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढा, तोच उतारा वाचा, तेवढंच मोकळं बोला आणि दोन्ही लागोपाठ ऐका. तेव्हा एक गंमत दिसेल. डब्ल्यू नव्याने शिकलेला माणूस काही दिवस सगळीकडे चंबू करत सुटतो. 'व्हेरी'चं 'वेरी' होतं, 'व्हॅन'चं 'वॅन'. माझंही झालं होतं. घाबरू नका. आठवडाभर पुन्हा पांढऱ्या व्हॅनच्या ओळीवर या, ६० ठोक्यांवर, आरशासमोर.